सुकलं म्हणजे झालं नाही

तोमासा मावशी म्हणते, आपल्याकडचं पाणी उतावीळ.
सत्त्याऐंशी अंशांवरच उकळतं,
भांड्यातून उठून जातं,
आणि बटाटे बसून राहतात कच्चे.

एल आल्तोत आमची एक खोली, उघड्या विटांची.
एक लाकडी चौकट, तिला ताणलेली जाळी,
रबराची पट्टी, दोन डबे निळी शाई.
सरकता पट्टा, वरून तापणारे दिवे,
ते सगळं खाली, ला पासच्या कारखान्यांत.

शाई ओढली की शर्ट दोरीवर.
वारा इतका कोरडा
की ओठ फुटायच्या आत कापड हाताला सुकं लागतं.
"झालं," मी म्हणायचे.
"सुकलं," ती म्हणायची. "झालं कुठे अजून?"

मला वाटायचं, बोलायची खोड.

मग आले बटाटेवाल्या बायकांच्या संघाचे शर्ट.
गुरुवारी बाजारात बसणाऱ्या,
रविवारी पोयेराचे घेर सावरत फुटबॉल खेळणाऱ्या.
मावशी तापाने पडलेली.
मीच छापले, मीच वाळवले,
पैसेही मीच मोजून घेतले.

दोन धुण्यांत फ्लोरेंतिनाच्या पाठीवरच्या 8 ची
डावी बाजू वाहून गेली. उरला 3.
धक्का तिने मारला,
पंचाने पिवळं कार्ड दाखवलं बेनेदिक्ताला,
जी खऱ्या तीन नंबरची,
आणि तेव्हा मैदानाच्या पार टोकाला
मोजा वर ओढत होती.

सगळ्यांत जास्त मी हसले.
सोमवारी सोळा शर्ट दारात,
एका गाठोड्यात, काही न बोलता ठेवलेले.

मावशी रागावली नाही. बादलीतलं निळसर पाणी
बोटाने ढवळत म्हणाली,
"पाणी शाईला घरापर्यंत सोडायला येतं,
आणि निघून जातं.
मागे जे राहतं, त्याला धाग्याला धरून राहायला
शिकवावं लागतं.
त्याला आच वेगळी. पाण्याला पुरते तेवढी नाही,
जवळजवळ दुप्पट."

जुन्या ठशावर नवा ठसा बसवला.
इस्त्री करून पाहिली, बटर पेपर घालून,
ओठांतल्या ओठांत शंभर मोजत:
मधला भाग, कडा, परत कडा.
पाचव्या शर्टावर टोक रेंगाळलं.
(तो तपकिरी त्रिकोण मी अजून झोपताना घालते.)
नवव्याला गल्लीतली वीज गेली.

तेव्हा मावशी गाठोडं उचलून निघाली
साबीनोच्या बेकरीत.
पहाटेचा पाव निघून गेला होता,
भट्टीची वीट अजून धग धरून होती.
तापमापक त्याच्याकडेही नाही.
त्याने मूठभर पीठ आत फेकलं,
आम्ही तिघं वाकून बघत राहिलो.
लगेच काळं. थांबा.
एक सिगारेट संपवून तो आला, परत मूठ.
या वेळी पीठ सावकाश,
घाई नसलेल्या माणसासारखं,
बदामी होत गेलं.

"आता."

शर्ट आत, पत्र्याच्या ट्रेवर, विटेला शिवू न देता.
घड्याळ नव्हतं. साबीनोने जावयाची तक्रार सांगितली.
ती रोज तेवढीच लांब असते,
मावशी म्हणाली, तीन मिनिटं, वर चार श्वास.
"संपली?"
"संपली."
"काढ."

पहिला शर्ट मी दगडावर घेतला,
साबण लावून, गरम पाण्यात, जरासुद्धा दया न दाखवता.
फेस पांढरा. बादली पांढरी.
पाठीवर 8, दोन्ही पोटांसकट,
आणि कापडाला ताज्या पावाचा वास,
जो मात्र धुतल्यावर गेला.

मी तिच्याकडे पाहिलं. या वेळी "झालं"
मी म्हटलं नाही.
तिने शर्ट उजेडात धरला, नखाने शाई खरवडून पाहिली,
आणि परत बादलीत टाकला.

"अजून एकदा."